आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: साथीच्या आराखड्यात मनोविकारतज्ज्ञ कुठे आहेत?

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी मिरजेत मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. कोविड आला तेव्हा माझी साठी उलटली होती. साथीच्या तयारीचा विषय निघाला की खाटा, ऑक्सिजन, व्हेंटिलेटर, प्रयोगशाळा यांचा हिशोब मांडला जातो. तो मांडायलाच हवा. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी दारोदार फिरलेले नातेवाईक आम्हीही पाहिले आहेत. पण मी ज्या ज्या बैठकांना गेले, तिथे मनोविकार विभागाचा विषय शेवटी, चहा आल्यावर, समुपदेशनाच्या एका ओळीत उरकलेला पाहिला. साथीत आमचं काम म्हणजे घाबरलेल्या लोकांना धीर देणं, अशी समजूत त्यामागे असावी. धीर देणं हा त्या कामाचा लहानसा भाग होता. उरलेलं काम मोठं होतं, ते बरंचसं पंचावन्न-साठीच्या पुढच्या डॉक्टरांनी घरात बसून, फोनवर केलं, आणि त्याची कुठेही नोंद झाली नाही. नोंद नाही म्हणून ते झालंच नाही असं धरून पुढचा आराखडा लिहिला जाईल, ही भीती मला हे पत्र लिहायला लावते आहे.

मे २०२० मध्ये वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाने मुंबईतल्या खासगी डॉक्टरांना किमान पंधरा दिवस कोविड रुग्णालयात काम करण्याचा आदेश दिला आणि ५५ वर्षांवरच्या डॉक्टरांना त्यातून सूट दिली. ती सूट योग्यच होती. वय वाढेल तसा या आजाराचा धोका वाढत होता. जिल्ह्याजिल्ह्यांत आमच्या वयाच्या डॉक्टरांना त्यांच्या मुलाबाळांनीही घराबाहेर पडू दिलं नाही. शल्यचिकित्सक घरी बसला की शस्त्रक्रिया थांबतात. आमचं तसं होत नाही. आमचे पेशंट वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं आमच्याकडे येत असतात, घरातल्या कोणाकडे तरी आमचा नंबर असतो, आणि दवाखान्याला कुलूप लागलं त्याच संध्याकाळी तो नंबर वाजायला लागतो.

देशात एक लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ किती, याची २०१९ मध्ये झालेली एक मोजणी ०.७५ असा आकडा सांगते. म्हणजे लाखाला एकही पुरता नाही. त्यातले बहुतेक शहरांत. जत किंवा आटपाडीच्या माणसाला हा आकडा सांगावा लागत नाही, त्याला तो एसटीच्या तिकिटात कळतो. आता या मोजक्या लोकांतून वयाने मोठे असलेले घरी गेले, आणि तरुण म्हणजे मनोविकार विषयाचे निवासी डॉक्टर पीपीई किट घालून कोविड वॉर्डात गेले. राज्यभर हेच झालं आणि साथीच्या ऐन भरात ते टाळता येण्यासारखंही नव्हतं. एरवी तरुण डॉक्टर पेशंटची सगळी हकीकत लिहून घेतो आणि ज्येष्ठ माणूस त्याला प्रत्यक्ष पाहून निर्णय करतो. त्या दोन वर्षांत पेशंटसमोर तरुण होता, निर्णय करणारा घरी होता आणि दोघांच्या मध्ये मोबाइल होता.

फोनवरच्या कामाबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण मनोविकाराची सेवा त्या काळात खऱ्या अर्थाने तिथेच चालली.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. आमच्याकडे कवठेमहांकाळ, जत, आटपाडीहून माणसं येतात, तशी सीमेपलीकडून अथणी, चिकोडी, विजापूरहूनही येतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत एसटी बंद, राज्याची सीमा बंद, आणि पुढे जिल्हा ओलांडायचा तर ई-पास. त्याच सुमारास इस्लामपुरात रुग्ण सापडल्यामुळे आमच्या जिल्ह्यातली नाकाबंदी अधिकच कडक झाली. हृदयविकाराचा कागद पाहून पोलीस गाडी सोडत. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या संपल्या हे कारण मात्र नाक्यावरच्या माणसाला तातडीचं वाटायचं नाही, कारण समोर उभा असलेला पेशंट धडधाकट दिसायचा. ‘मॅडम, गोळ्या संपल्यात, पोलीस सोडंनात, आन् ह्यो रात्रभर येरझाऱ्या घालतोय.’ अशा फोनने दिवस सुरू व्हायचा. त्या गोळ्या महिनाभर चुकल्या तर अनेकांचा आजार उलटतो, घरात मारहाण होते, माणूस घर सोडून निघून जातो. लॉकडाऊनच्या रस्त्यावर निघून गेलेला मनोरुग्ण शोधायचा कसा, हे त्या घराला विचारा.

देशभरची टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. फोनवर सल्ला देणं त्याआधी कायद्याच्या धूसर कोपऱ्यात होतं, ते उजेडात आलं, आणि त्याबद्दल ती लिहिणाऱ्यांचे आभार मानायला हवेत. पण त्यांत एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखालची औषधं फोनवर लिहून देण्याला मनाई होती. आमच्या रोजच्या वापरातली क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही औषधं याच कायद्याखाली येतात. त्यांचा गैरवापर होतो, म्हणून ही मनाई समजण्यासारखी आहे. दुसरी बाजू अशी की वर्षानुवर्षं ती घेणाऱ्या माणसाची गोळी अचानक थांबली तर हातपाय कापतात, झोप उडते, काहींना फिट येते. व्हॉट्सॲपवरची चिठ्ठी केमिस्टने नाकारली तर तो कायद्याने बरोबर होता. मग आम्ही त्या गावातल्या फॅमिली डॉक्टरला फोन करायचो, पेशंटची पूर्ण माहिती द्यायचो, आणि त्याने माणूस समोर पाहून चिठ्ठी लिहायची, असा मार्ग निघाला. हा मार्ग ज्येष्ठांनाच सुचला आणि त्यांनाच जमला, कारण तीस वर्षांत तालुक्यातल्या प्रत्येक फॅमिली डॉक्टरशी त्यांचं बोलणं झालेलं असतं. नुकत्याच पास झालेल्या डॉक्टरकडे ज्ञान आमच्यापेक्षा ताजं असेल, पण हे जाळं त्याच्याकडे नसतं. मे २०२० मध्ये निम्हान्स, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी आणि टेलिमेडिसिन सोसायटी यांनी मिळून खास मनोविकारांसाठी टेलिसायकिअॅट्रीची तत्त्वं तयार केली, तेव्हा बऱ्याच गोष्टी मार्गी लागल्या. दरम्यानचे आठवडे असे निघाले.

आता तपासणीबद्दल. आमच्याकडे ना स्टेथोस्कोपला फार काम, ना एक्स-रेला. माणूस दारातून कसा आत येतो, खुर्चीत कसा टेकतो, नजर देतो का, अंगावर धडके कपडे आहेत का, बोलताना बोटं काय करतात, तोंडाला दारूचा वास आहे का, यातून आमचं निम्मं निदान होतं. औषधाने अंग ताठलं आहे का हे मनगट हातात धरून हलवल्याशिवाय कळत नाही. फोनवर यातलं काहीच नव्हतं. नैराश्य खोल असलं की माणूस प्रश्न विचारल्यावर उशिरा उत्तर देतो. तो उशीर किती, यावरून आजाराची खोली समजते. जतच्या माळावरून येणाऱ्या फोनवर नेटवर्कमुळेही उत्तर तितकंच उशिरा यायचं. हा उशीर मनाचा की टॉवरचा, हे ठरवण्यासाठी मी आधी शेजारी असलेल्या नातेवाइकाशी दोन वाक्यं बोलायची, त्याचं उत्तर किती वेळाने येतं ते ऐकायची, मग पेशंटला फोन द्यायला सांगायची. असल्या युक्त्या कुठल्या पुस्तकात नाहीत. त्या वर्षी माझ्या वयाच्या प्रत्येक मनोविकारतज्ज्ञाने आपापल्या शोधल्या आणि बहुतेकांनी कुठे लिहून ठेवल्या नाहीत.

एक गोष्ट आमच्या युक्त्यांच्याही पलीकडची होती. बाईचा फोन बाईच्या हातात नसायचा. नवरा किंवा सासू स्पीकरवर फोन धरून उभी, आणि मी विचारते आहे, ‘घरात काही त्रास आहे का?’ ती काय सांगणार? दवाखान्यात आम्ही नातेवाइकाला बाहेर बसायला सांगतो. दोन खोल्यांच्या घरात, सगळी माणसं चोवीस तास आत असताना, बाहेर कोणाला पाठवणार? काही बायका भांडी घासायला परसात गेल्यावर मिस्ड कॉल द्यायच्या. आशाताईंनी सर्वेक्षणाला घरोघर जाताना आपला फोन अशा बायकांना दिला, अंगणात उभ्या राहून बोलू दिलं. आशाताईंच्या त्या मदतीचं मोल फार मोठं आहे.

औषधांचा प्रश्न मिळण्या-न मिळण्यापुरता नव्हता. क्लोझापिन हे औषध स्किझोफ्रेनियाच्या अवघड पेशंटना वाचवतं, पण ते क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत कमी करतं. म्हणून सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला आणि नंतर दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. लॅब बंद, वाहन बंद, तर रक्त कुठे द्यायचं? नियमाप्रमाणे रक्त नाही तर औषध नाही. औषध थांबवलं तर दहा वर्षं स्थिर असलेला माणूस पंधरवड्यात पुन्हा वेडापिसा होऊ शकतो. जगभरच्या तज्ज्ञांनी त्या काळात जुन्या, स्थिर पेशंटसाठी तपासण्यांमधलं अंतर वाढवायला मुभा दिली. पण हा जुना, हा स्थिर, याला चालेल आणि त्याला चालणार नाही, हे नाव घेऊन कोणी ठरवायचं? ते आम्ही ठरवलं, एकेका माणसाचं, कागद समोर नसताना, आठवणीवर.

त्यात ताप. क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आला की पहिली शंका पांढऱ्या पेशींची. २०२० मध्ये ताप आला की सगळ्यांची पहिली शंका कोविडची, आणि पेशंटची रवानगी विलगीकरणात. तिथे त्याच्या पेशी तपासल्या जातील याची खात्री नाही. शिवाय पानटपऱ्या बंद, बिडी मिळेना. विडीच्या धुराने शरीरातलं क्लोझापिन लवकर जिरतं. धूर थांबला की तोच डोस जास्त पडायला लागतो, माणूस सुस्तावतो, लाळ गळते, फिट येऊ शकते. मावा किंवा मळलेली तंबाखू चघळणाऱ्याला हे होत नाही, कारण हा परिणाम धुरातल्या रसायनांचा असतो, निकोटिनचा नसतो. ‘बिडी ओढतोस का तंबाखू खातोस?’ हा प्रश्न विचारून डोस कमी करायचा की नाही हे ठरवणारे डॉक्टर प्रत्येक जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके. लिथियमचंही असंच. ताप, उलट्या, जुलाब, पाणी कमी पिणं, अंगदुखीसाठी दुकानातून आणलेलं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक, यातलं कुठलंही लिथियमची रक्तातली पातळी विषारी करू शकतं. मी माझ्या लिथियमच्या प्रत्येक पेशंटला स्वतः फोन करून सांगितलं: ताप आला तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आणि मला कळवायचं.

दारूबद्दल थोडक्यात. दुकानं एका रात्रीत बंद झाली. रोज पिणाऱ्याची दारू अचानक सुटली की दोन-तीन दिवसांत थरथर, भास, फिट, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही. केरळ सरकारने मार्चअखेर डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि उच्च न्यायालयाने एप्रिलच्या सुरुवातीला आदेशाला स्थगिती दिली. दारू हे दारूच्या आजाराचं औषध नव्हे, म्हणून तो विरोध मला पटला. पण विरोध करून भागत नाही. अशा माणसाला व्हिटॅमिन बी-वन, लोराझेपाम आणि पाच-सात दिवसांची खाट लागते, आणि ती खाट त्या वेळी कुठेच नव्हती. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली माणसं दगावली. दुकानांना कुलूप लावण्याचा आदेश निघतो त्याच दिवशी जिल्ह्यात व्यसनमुक्तीच्या किती खाटा चालू राहतील हेही लिहिलं गेलं पाहिजे.

कोविड वॉर्डातून यायचे ते फोन वेगळे. रात्री दोन-अडीच वाजता निवासी डॉक्टर बोलतो आहे, किटमधून आवाज अर्धाच येतो: ‘मॅडम, खिडकीजवळचे आजोबा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढतायत, सलाईन उपसली, गाई सोडायला जायचंय म्हणतात.’ जुनी माणसं याला वात झाला म्हणायची. वयस्क माणूस, प्राणवायू कमी, सभोवती चेहरा नसलेले पांढरे पुतळे, घरचं कोणी नाही, दिवस-रात्र कळत नाही. त्या तरुणाला हवं असतं झोपेचं इंजेक्शन. त्याला सांगायचं: आधी सॅच्युरेशन बघ, साखर बघ, लघवी तुंबली आहे का पोट दाबून बघ. चष्मा आणि कानातलं यंत्र पिशवीत राहिलं असेल, ते घाल. तुझ्या किटवर मोठ्या अक्षरात नाव लिही. मुलीला फोन लावून तिचा आवाज त्यांच्या कानाशी धर. एवढं करून नाही जमलं तर हॅलोपेरिडॉल, अगदी थोडं, आणि त्याआधी ईसीजी. त्या दिवसांत पुष्कळ ठिकाणी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन दिलं जात होतं. दोन्ही औषधं हृदयाची लय बिघडवू शकतात, हॅलोपेरिडॉलही तेच करतं. तिन्ही एकत्र, ईसीजी न काढता, म्हणजे जिवाशी खेळ.

जून २०२० मध्ये डेक्सामेथासोनने गंभीर रुग्णांचे प्राण वाचतात हे सिद्ध झालं आणि स्टेरॉइडचा वापर वाढला. स्टेरॉइडने साखर वाढते हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने झोप उडते, माणूस उन्मादात जाऊ शकतो, भ्रमिष्ट होऊ शकतो, हे कमी जणांच्या लक्षात होतं. घरी सोडलेला शेतकरी रात्र-रात्र जागून जमीन विकून ट्रॅक्टर घ्यायचे बेत करतो आहे, आणि घरचे म्हणतात कोविडमधून वाचल्याचा आनंद झालाय. दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस आला. जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागलेल्या माणसाच्या शेजारी बसायलाही कोणीतरी लागतं. एव्हाना आमचं लसीकरण झालेलं होतं, मग आम्ही जाऊन बसलो.

आणि ईसीटी, ज्याला लोक शॉक ट्रीटमेंट म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे ती भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय करता येत नाही, आणि ते चांगलंच आहे. भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ आणि ऑक्सिजन हवा. दोन्ही कोविडकडे. शिवाय तोंडावर मास्क धरून श्वास देताना तुषार उडण्याचा धोका. बहुतेक ठिकाणी ईसीटी बंद पडली. अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पेशंटसाठी, आत्महत्येच्या विचारातून बाहेरच न येणाऱ्या बाळंतिणीसाठी हा उपचार जीव वाचवणारा असतो. सिझेरियन बंद ठेवायचं कोणाच्या मनात आलं नाही. ईसीटी बंद पडली तेव्हा कोणी विचारलंही नाही. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

महोदय, आपल्या खात्याच्या थेट ताब्यातली गोष्ट म्हणजे मनोरुग्णालयं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, मिळून ५,६९५ मंजूर खाटा. बंद वॉर्डात राहणाऱ्या मनोरुग्णांवर साथ कशी तुटून पडते, हे जगाला फेब्रुवारी २०२० मध्येच दिसलं होतं. दक्षिण कोरियातल्या चोंगदो इथल्या देनाम रुग्णालयाच्या मनोविकार वॉर्डात जवळजवळ प्रत्येक पेशंटला लागण झाली. त्या देशातला कोविडचा पहिला बळी याच वॉर्डातला, वर्षानुवर्षं तिथेच राहिलेला पेशंट होता. एकत्र झोपणं, एकत्र जेवणं, उघडता न येणाऱ्या खिडक्या, आणि मास्क लावून ठेवण्याचं भान नसलेली माणसं. आपल्या मनोरुग्णालयांतल्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी, अटेंडंट मंडळींनी हे ओळखून काय काय केलं, नव्या पेशंटसाठी वेगळे वॉर्ड कसे काढले, भेटी बंद झाल्यावर आतल्या माणसांना कसं सांभाळलं, याचा इतिहास खात्याने लिहून घ्यायला हवा. ते लोक निवृत्त होत आहेत.

लसीची गोष्ट तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडली. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली, पण नोंदणीला ओळखपत्र लागायचं. रस्त्यावरून मनोरुग्णालयात आणलेल्या, नावही सांगता न येणाऱ्या माणसाकडे आधार कार्ड कुठून असणार? ओळखपत्राशिवाय लस देण्याची कार्यपद्धती मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात आली, तोवर दुसऱ्या लाटेचा कहर सुरू झाला होता. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला मनोरुग्णालयांतल्या लसीकरणाबद्दल निर्देश द्यावे लागले. त्याआधी जुलैत, बरे झालेल्या पेशंटना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवल्याबद्दल याच न्यायालयाने आपल्या राज्याला खडसावलं होतं. बरी झालेली माणसं आतच अडकून राहतात हा जुना आजार आहे, साथीने तो जीवघेणा केला.

आता आमच्या स्वतःबद्दल, अगदी थोडं. त्या काळात डॉक्टरच आमचे पेशंट झाले. व्हेंटिलेटर एक आणि माणसं चार असताना निवड करावी लागलेला फिजिशियन, दिवसाला कित्येक मृत्यूचे दाखले लिहिणारी चोवीस वर्षांची मुलगी, आईला अग्नी देता आला नाही म्हणून झोप न लागणारी परिचारिका. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) नोंदीप्रमाणे एकट्या दुसऱ्या लाटेत देशातले सातशेहून अधिक डॉक्टर गेले. रोज आठ-दहा तास इतरांचा मृत्यू ऐकणाऱ्याने आपलं दुःख कोणाला सांगायचं, याची व्यवस्था आमच्या व्यवसायात नाही. आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी एकमेकांना फोन करायचो. त्यात औषधांची चर्चा असायची, मग कोणीतरी गप्प व्हायचं आणि बाकीचे थांबायचे. मला त्या फोनने तारलं.

विम्याचीही एक सल आहे. मार्च २०२० च्या अखेरीस केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा कवच जाहीर केलं. त्याच सुमारास खासगी दवाखाने उघडे ठेवा, नाहीतर कारवाई होईल, अशा नोटिसा निघाल्या. दवाखाना उघडा ठेवून लागण होऊन गेलेल्या खासगी डॉक्टरच्या घरच्यांना पुढे विचारलं गेलं, त्यांना कोविडच्या कामावर बोलावल्याचा लेखी पुरावा आहे का? एका डॉक्टरच्या पत्नीला यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. बोलावणं लेखीच द्यायचं असेल तर पुढच्या वेळी पहिल्या दिवशी द्या.

आत्महत्यांचे आकडे आपल्यापुढे असतील. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाप्रमाणे देशात २०१९ मध्ये १,३९,१२३, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. २०२१ मध्ये महाराष्ट्रात २२,२०७, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. ही सगळी वाढ कोविडची असं मी म्हणणार नाही. कर्ज, गेलेल्या नोकऱ्या, घरातला छळ आणि दारू यांची गुंतागुंत एका कारणात बसत नाही. आमच्या जिल्ह्यावर तर ऑगस्ट २०१९ चा महापूर, मग साथ, मग जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर, असं एकावर एक आलं. पण ज्या काळात हे आकडे चढत होते त्याच काळात मनोविकाराच्या कित्येक ओपीडी बंद होत्या, एवढं तरी एका ओळीत शेजारी शेजारी लिहून बघावं.

माझ्या मागण्या फार खर्चाच्या नाहीत. साथीच्या आदेशात अत्यावश्यक सेवांची यादी असते, तीत मनोविकाराची ओपीडी, ईसीटी आणि व्यसनमुक्तीच्या खाटा नावानिशी लिहाव्यात. स्किझोफ्रेनिया आणि फिट यांची औषधं व लिथियम तीन महिन्यांची एकदम द्यायची मुभा आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवायची जबाबदारी आधीच ठरवावी. क्लोझापिनच्या पेशंटचं रक्त गावातच घेता येईल अशी सोय करावी. मनोरुग्णालयांना लसीच्या पहिल्या टप्प्यात घालावं, ओळखपत्राची अट न ठेवता. राज्यांची सीमा बंद होते तेव्हा अथणीचा पेशंट मिरजेचाच असतो, हे कर्नाटकशी बोलून आधी मान्य करून घ्यावं.

ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली आहे, १४४१६ हा नंबर लोकांना हळूहळू माहीत होतो आहे. चांगलं काम आहे. पण तिथे उत्तर देणाऱ्या तरुण समुपदेशकाच्या मागे, अवघड प्रसंगी निर्णय सांगायला, वयामुळे वॉर्डात जाऊ न शकणारे ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञ नेमता येतील. निवृत्त झालेलेही येतील. मानधन द्या, पाळी ठरवून द्या, रात्रपाळीनंतर सुट्टी द्या, आणि त्या प्रत्येक फोनची सरकारी नोंद होऊ द्या. २०२० मध्ये आम्ही हे काम वह्यांत आणि डोक्यात केलं.

शेवटची मागणी सर्वांत साधी आहे आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या दोन वर्षांत आमच्यातले काही जण गेले, काही महिना-महिना दवाखान्यात पडून होते. तालुक्यातला एकटा मनोविकारतज्ज्ञ आजारी पडला की त्याच्या शेकडो पेशंटच्या गोळ्या एकाच दिवशी अनाथ होतात. कोणाला किती डोस, कोणाला कुठलं औषध सोसत नाही, कोणाने पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केला आहे, हे त्याच्याबरोबर खाटेवर पडून असतं. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात अशी यादी हवी की अमुक डॉक्टर पडला तर त्याचे पेशंट तमुककडे जातील, आणि क्लोझापिन, लिथियम घेणाऱ्यांची व आत्महत्येचा धोका असलेल्यांची माहिती, त्यांची संमती घेऊन, एका बंद आणि सुरक्षित नोंदीत असेल. सांगली-मिरजेतल्या आम्ही काही ज्येष्ठांनी आपसात ही यादी करायला घेतली आहे. संमतीपत्र कसं असावं यावर अडलो आहोत, कारण मानसिक आरोग्य सेवा कायदा पेशंटच्या गोपनीयतेचं रक्षण करतो आणि तो मोडायची आमची इच्छा नाही. आपल्या खात्यातला एखादा अधिकारी आणि विधी विभागातला एक माणूस आमच्याबरोबर अर्धा दिवस बसला तर मसुदा पूर्ण होईल. दिवस आपण सांगा, आम्ही मुंबईला येतो.

आपली विश्वासू,
एक ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञ
मिरज, जि. सांगली